वरच्या दारावरची टकटक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कुणाची मनधरणी करणार नाही. माझ्या सख्ख्या भावाचं आहे, त्यात मीठमसाला कशाला लावू?

रविवारची भर दुपार. आमच्या ऑफिसमधली चाचणीची लिफ्ट. इमारतीत मी एकटी.

लिफ्टचं दार कधी उघडायचं, हे ठरवणारा प्रोग्राम मी आणि दादा लिहायचो. त्या रविवारच्या महिनाभर आधी, लिफ्ट खाली असताना वरचं दार उघडलं... आणि दादा आत पडला. जागीच गेला.

"प्रोग्राममध्ये त्याचीच चूक," साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं. आईलासुद्धा! मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही ना. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रोग्राममधला प्रत्येक बदल आमच्याकडे करणाऱ्याच्या नावासकट साठवलेला असतो. बिघाड कुणाच्या बदलाने आला ते शोधायला मधोमधची जुनी आवृत्ती काढायची, लिफ्टवर चालवायची. दार चुकलं तर बिघाड तोवर घुसलेला, नाही तर नंतर घुसला. असं निम्मं निम्मं करत एका बदलावर यायचं.

पूर्वी मी खाली कॉम्प्युटरपाशी असायचे, दादा वर दारापाशी. दार बंद राहिलं की तो त्यावर दोनदा ठोकायचा. उघडलं तर गप्प.

पहिली आवृत्ती चढवली. बघायला जिन्याकडे वळले...

टक. टक.

धावत वर गेले. दार बंद. कुणीच नाही.

पुढची चढवली. कान देऊन उभी राहिले...

काहीच नाही.

वर गेले. दार सताड उघडं. खाली काळोख.

राग भीतीहून मोठा होता. थांबले नाही. शेवटी एकच बदल उरला.

नाव साहेबांचं.

सोमवारी त्यांना लिफ्टपाशीच गाठलं.

"तो बदल तुझ्या भावानेच माझ्या नावावर टाकला असेल," ते म्हणाले.

"वर बघून म्हणा."

ते पुन्हा तेच म्हणाले...

वर शांतता.

"लाज वाटू द्या जरा! खरं बोला!" मी ओरडले.

त्यांना घाम फुटला. "घाई होती गं... मीच टाकला. न तपासता."

टक. टक.

वर कुणी नव्हतं. मी स्वतः पाहून आले.

साहेब तेव्हापासून जिन्याने येतात. चारचौघांत मात्र अजून कबूल करत नाहीत, निर्लज्ज माणूस!

आईला सगळं सांगितलं. टकटकीचंही. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, पुरे झालं काम. घरी ये."

रोज लिफ्टपाशी जाऊन उभी राहते. त्याला एवढंच सांगायचंय, पण तोंडातून शब्द फुटत नाही.