उंबऱ्यातली गोपद्मं

"पूस ते! आधी पूस ते!"

दारातून दिवाकररावांचा आवाज कडाडला आणि स्वयंपाकघरातून इंदूताई लगबगीनं दाराशी आल्या... शाळेत स्वातंत्र्यदिनी बेचाळीसच्या रायपूरची हकिकत सांगायला इंदूताईंच्या नातीनं, देवश्रीनं, आपल्या या चुलत आजोबांना बोलावलं होतं आणि परतताना हट्टानं चौबे कॉलोनीतल्या घरापर्यंत ओढून आणलं होतं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. पण सख्ख्या दिराचं पाऊल या घरात पडलं नव्हतं!

तरुणपणी दिवाकर पत्रकं वाटत भूमिगत फिरायचा, तेव्हा खूण दीर-भावजयीतच ठरली होती. उंबऱ्याशी रांगोळी असली तर घर निर्धास्त. नसली तर आल्या पावली परत. एका पहाटे शिपाई मागच्या दारानं घुसले, इंदूला चुलीपाशी बसवून ठेवलं. तिनं रांगोळीला हातही लावला नव्हता. तरी दारात रांगोळी होती... दिवाकर आत आला आणि बेड्या घालून बाहेर गेला. "वहिनीनं धरून दिलं," हे एकच वाक्य त्यानं आयुष्यभर उराशी धरलं. आणि इंदूनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

"काहून पुसू, आजोबा?" देवश्री रडवेली झाली. "सुबह से बैठके बनाई है! गोपद्म हैं. पणजीचा चातुर्मासाचा नेम होता म्हणते आजी. कुछ भी हो जाए, रोज बनाती थी."

दिवाकरराव थबकले. वाकून पाहू लागले. गाईची इवली इवली पावलं... त्या पहाटे दारात हीच तर होती!

"वहिनी..." त्यांनी मान वर केली. "ते आईनं काढलं होतं?"

इंदूताईंना वाटलं, अजूनही नाही म्हणावं... पण त्यांनी मान डोलावली.

"त्यांना खूण कुठं ठाऊक होती, भाऊजी! रोज तुळशीपाशी काढायच्या; त्या पहाटे मागचं अंगण शिपायांनी अडवलं, म्हणून नेम उंबऱ्याशी केला. आपल्याच हातानं पोट्टा धरून दिला, हे समजलं असतं तर जगल्या असत्या का त्या?"

"पण त्या गेल्यावर तरी सांगायचं मले!"

"अन् गेलेल्या माउलीवर तुमचा राग वळू देऊ?"

म्हातारा दाराच्या चौकटीला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून, चपला काढून, गोपद्मांच्या अलीकडे उभा राहिला.

"वहिनी, रांगोळी आहे दारात. येऊ ना आत?"

"या, भाऊजी," इंदूताई कशाबशा म्हणाल्या, "घर निर्धास्त आहे!"