कमानीवरची बाई

ती बँकेची जुनी इमारत तुम्ही बाहेरून पाहिली असेल. दगडी खांब, जाड भिंती आणि एवढा मोठा दरवाजा, की आत शिरताना माणूस उगाच खांदे पाडतो. बँक केव्हाच दुसरीकडे गेली, आता तिथे वाचनालय व्हायचं होतं. आतल्या दालनात कमानींची रांग आहे, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर बाईचा दगडी चेहरा. एक चेहरा फुटला होता, म्हणून शेजारच्याचा साचा घ्यायला मी आणि मिस्त्री गेलो होतो.

दुपार होती. घुमटाच्या पिवळ्या काचांतून ऊन गाळून येत होतं आणि त्यात धूळसुद्धा सावकाश उतरत होती. मला झोपाळल्यासारखं झालं. दम्यानं ताईला आदल्या रात्री आडवं होऊ दिलं नव्हतं. शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवून मी आलो होतो. आईमागे मला वाढवलं ते तिनंच, त्यामुळे कामात लक्ष कुठलं लागायला!

परांचीवर चढून, प्लास्टर दगडाला चिकटू नये म्हणून चेहऱ्याला साबणाचं पाणी फासलं. जवळून पाहिलं, तर थेट ताईची हनुवटी.

पूर्वी मी नाटकवाल्यांचे मुखवटे करायचो. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर चढवताना आधी नाकपुड्यांत नळ्या घालाव्या लागतात. सवयीनं इथेही घातल्या.

मिस्त्री खालून हसले. “दगडाला कसला रे श्वास? साच्याला भोकं पडतील. काढ त्या.”

मी ओशाळलो. नळ्या काढल्या आणि नाकतोंड प्लास्टरनं बुजवून टाकलं.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे मला काही नवीन नाही. पण हाताखाली ते... आत ओढलं जात होतं. थांबत होतं. पुन्हा ओढलं जात होतं.

“मिस्त्री... हे हलतंय.”

“झापड आलीय तुला. उतर खाली.”

तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या.

“लवकर ये रे... ताईचा श्वास कोंडलाय. तोंडावरून काहीतरी ओढून काढतेय नुसती... आणि तिथे काहीच नाहीये...”

फोन फळीवर टाकून मी दोन्ही हातांनी साचा धरला.

“अरे, अजून ओलं आहे! दगडाचं नाक जाईल!”

गेलं तर गेलं. मी ओढलाच. एक मोठा श्वास या कमानीखालून त्या कमानीखाली घुमत गेला.

“आला...” फोनमधून काकू रडत म्हणत होत्या, “आला गं बाई श्वास...”

मिस्त्रींनी सामान आवरलं.

घरी पोचलो तेव्हा ताई उशीला टेकून चहा पीत होती. तिचे पाय धरून मी लहान मुलासारखा रडलो. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला.

“वेडा कुठला. एवढ्या जोरानं ओढतात का रे?”

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“असू दे,” ती हळूच म्हणाली. “पण फार उंच आहे रे तिथे... मला खाली कधी उतरवणार?”