काळ्या पडद्यावरच्या काळ्या ओळी

तुम्ही कॉटवर बसा, मी उभाच बरा.

वहिनी दादाच्या खुर्चीत बसून काम शिकत होती. दादा त्याच खुर्चीत गेला, बसल्या बसल्या. कंपनीने त्याचं काम तिला देऊ केलं होतं. "भावजी, डोळे जळतात हो. रंग जरा मवाळ करून द्या," म्हणाली, म्हणून दुपारी गेलो. असलं बारीक काम मला आवडतं.

दादाचा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, उघडला. वर मजकूर, खाली टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी पट्टी. तिथे रंग ठरवायचे असतात, चूक लाल, बरोबर ते हिरवं. वहिनी खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर.

"हे खालचं टर्मिनल मधूनच रिकाम्या ओळी सोडतं बघा," ती म्हणाली. "आणि ही खुर्ची... पाठ आपोआप मागे झुकते. तुमच्या दादाच्या वजनाने सैल झालीय."

मी हसलो. दादा होताच तसा भरभक्कम.

लाल फिका केला, हिरवा सौम्य. मग चूक दिसली. दादाने काळ्या अक्षरांचा रंग आणि मागच्या पट्टीचा रंग अगदी एकच ठेवला होता. अशाने काळी अक्षरं उमटतात, पण दिसत नाहीत. घाईत आम्ही प्रोग्रामर सगळेच असं करतो. मी काळा किंचित राखाडी केला.

रिकाम्या ओळी भरल्या.

'ऊठ. तो तुझ्या मागे खुर्ची धरून उभा आहे.'

एडिटर जुनं सगळं जपून ठेवतो. मी वर सरकत गेलो. दादाने टाइप केलेली शेवटची आज्ञा दिसली. तिच्या वरही तेच, पुन्हा पुन्हा. कुणीतरी त्याला सांगत होतं आणि माझ्या दादाला ते दिसलंच नाही.

तळाशी नवी ओळ उमटली. 'तिला उठव.'

"वहिनी... उठा."

"एवढं एक करते आणि..."

"उठा म्हणतो ना..."

मनगट धरून ओढलंच तिला. रिकाम्या खुर्चीची पाठ मात्र मागे झुकलेलीच राहिली.

खोलीला कुलूप घातलं. वहिनी आता आमच्याकडे राहते, माझ्या बायकोच्या टेबलावर काम करते, अधूनमधून हसतेही. सुटलो, असं वाटलं मला.

पण आमच्या धंद्यात नवे रंग जुळवत कुणी बसत नाही, एकमेकांचे उचलतो. माझे रंग दादाचेच, नोकरी लागली तेव्हा त्यानेच दिलेले. काळ्यावर काळा, तसाच. तो बदलून बघायला हात धजत नाही.

आज सकाळपासून माझं टर्मिनल रिकाम्या ओळी सोडतंय... माझी खुर्ची मी उठून भिंतीला चिकटवून ठेवलीय. मागे झुकायला तिला जागाच नाही. तरी बघा ना... पाठ झुकलीय.