पाठमोरे वारलूभाऊ

"हा मानूस कोन होय जी?"

पुनमने मोबाइल काउंटरवर आपटला, तसा संगणकापुढे बसलेला निकेश दचकून उभाच राहिला. आरमोरीतल्या मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात तो महिनाभरापूर्वीच राजुऱ्याहून आला होता. मोबाइलवर त्यानेच काल बनवलेला बॅनर होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली पांढराशुभ्र घोडा, पुढचे दोन पाय हवेत, आणि त्यावर फेटा बांधून, चाबूक उगारून बसलेले वारलूभाऊ.

"हे... तुमचे बाबा ना?"

"डोकं माह्या बाबाचं होय. धड कोनाचं आनलं?"

निकेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "इंटरनेटवरून घेतलं, तोंड आधार कार्डावरचं... तुमचे चुलतभाऊ अंकुशभाऊ म्हणले, मोठा मानूस दिसला पाहिजे."

"माहे बाबा जलमात घोडीवर बसले नाई! चाबूक तर आमच्या घरातच नाई. आन् घोडी होय आमची, घोडा नाई. पांढरी बी नाई!"

आता तुम्हीच सांगा, पोरीनं संतापू नये तर काय करावं? वारलूभाऊंना जाऊन दहा दिवस झाले होते. आयुष्यभर त्यांनी दोन एकर धान पिकवलं आणि एकामागून एक तीन घोड्या सांभाळल्या. तिघींचंही नाव पाखरी. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे ते याच घोडीवरून, पण वारलूभाऊंचा नेम ठरलेला. नवरदेवानं आधी तिला आपल्या तळहातावर भिजवलेले हरभरे द्यायचे, मग गावाच्या शिवेपर्यंत तिच्यासंगं पायी चालायचं, आणि तिथून पुढे पाठीवर बसायचं. घोडीनं हरभरे खाल्ले नाहीत, तर वरात गेली उडत! वारलूभाऊ लगाम धरून सरळ घरी. स्वतः मात्र ते कधी बसले नाहीत. "जे आपल्यासंगं चालते, त्याच्या पाठीवर काय बसाचं?" एवढंच म्हणायचे. आणि अशा माणसाच्या हातात चाबूक! तेरवीला सगळ्या गावानं तो बघायचा!

"चुकलं माहं," निकेश म्हणाला. आणखी बाजू मांडली नाही, कुणावर ढकललं नाही. "तुमच्यापाशी त्यांचा खरा फोटो आहे का?"

पुनमनं फोटो उघडले. एक, दोन, वीस, चाळीस... निकेश वाकून बघत गेला.

"यात तोंड कुठी आहे?"

"घोडीकडे."

खरंच तसं होतं. कुणी फोन वर केला की वारलूभाऊ तेवढ्यात पाखरीचं काहीतरी बघायला वळायचे. प्रत्येक फोटोत त्यांची पाठ, आणि घोडी मात्र थेट समोर बघतेय. निकेशला हसू आवरेना. पुनमनं डोळे वटारले, आणि पुढच्याच क्षणाला तिच्याही ओठांचा कोपरा हलला... त्याचाच तिला भयंकर राग आला.

"उद्या येतो मी," तो म्हणाला. "घोडी पाहिल्याबिगर काही बनवत नाई आता."

दुसऱ्या दिवशी तो आला, तो गोठ्यापुढे मोटरसायकलचा हॉर्न वाजवतच. पाखरीनं कान मागे टाकले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"हॉर्न काऊन वाजवला?" पुनम घमेलं टाकून धावली.

"आमच्या राजुऱ्यात कोळशाचे ट्रक... हॉर्नबिगर कोनी सरकतच नाई जी."

"इथी सारे सरकते. तोंडानं बोलून पाहा!"

तिनं त्याच्या हातावर भिजवलेले हरभरे ठेवले. पाखरीनं हुंगले, फुर्रकन शिंकली, आणि त्याचा अख्खा शर्ट शिंतोड्यांनी भरला. पुनम खळखळून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. निकेश शर्ट न पुसता तसाच तिच्याकडे बघत राहिला.

"काय पाहून राह्यले?"

"काई नाई... राग बरा की हसू बरं, ते ठरवून राह्यलो."

"ठरलं का मंग?"

"आनखी दोन-तीनदा याव लागल."

पुनम घोडीपुढे धानाची तणस टाकत राहिली, पण जिथं आधीच टाकली होती तिथंच परत टाकली. तेवढ्यात अंकुश आला, तिचा चुलतभाऊ. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, वरोऱ्याचा बँडवाला तेरवीच्या दिवशी गाडी घेऊन येतोय, घोडी विकत घेऊन जाईल.

"कोनाले विचारून?" पुनमचा आवाज चढला.

"विचाराचं काय त्यात? काकाले आग मी देल्ली. आता घरचं मीच पाहीन ना."

"बाबाले आग देल्ली म्हनून घोडी तुही झाली का रे दादा? डीजेच्या भोंग्यापुढे नाचवते तिले तो मानूस! बाबा अशा वरातीतून लगाम धरून वापस येत होते, तुले मालूम नाई का?"

"काकू काही बोलली का? नाई ना? मंग तू कोन?"

इथंच सगळं अडलं होतं. वारलूभाऊ गेले त्या दिवसापासून पुनमची आई रुखमाबाई एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. आताही त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, सगळं ऐकत. पुनम त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आई, बोल ना वं! तू नाई म्हन, एवढंच!" रुखमाबाईंनी नजरही वर केली नाही. पुनमला बापाच्या मरणापेक्षा त्या गप्प बसण्याचा जास्त संताप आला, आणि संतापाबरोबर रडूही. निकेशनं खिशातून रुमाल काढला, देऊ की नको अशा घोटाळ्यात थोडा वेळ धरून ठेवला, आणि शेवटी तो गोठ्याच्या लाकडी मेढीवर अडकवून निघून गेला. मोटरसायकल त्यानं वळणापर्यंत ढकलत नेली.

तेरवीला मांडव भरला. बँडवाल्याची गाडी बाहेर उभीच होती. निकेशनं बॅनर आणून दोरीला बांधला, गुंडाळी सोडली, आणि मांडवात कुजबुज सुरू झाली.

बॅनरवर फूल नव्हतं, ढग नव्हता, फेटा नव्हता. पुनमच्या मोबाइलमधला एक फोटो तेवढा होता. धानाच्या बांधावर पाठमोरे वारलूभाऊ, बनियनला खांद्यावर भोक, हात पाखरीच्या मानेवर. आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावत मांडवाकडे बघणारी तांबूस पाखरी.

"हे काय होय?" अंकुश खवळला. "तोंड कुठी आहे काकाचं? इज्जत घालवली गावात! काढ ते!"

"काढू नका," पुनम म्हणाली. निकेश दोरी धरून तिच्या बाजूला उभा राहिला.

तेवढ्यात रुखमाबाई उठल्या. हळूहळू चालत बॅनरपाशी आल्या. बनियनच्या भोकावर बोट ठेवलं.

"हेच होय," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "बत्तीस वर्सं मले अशीच पाठ दिसली. जेवाले बोलाव, पाठ. बिमार पडली तं औषध आनून दिलं, आन् वळले गोठ्याकडे. तोंड सारं तिच्याकडे." मग त्या रडल्या, पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "जलमभर सवत म्हनलं मी तिले. आता सवतच तेवढी राह्यली माह्यासंगं भांडाले. गाडी वापस पाठव, अंकुश. माह्या सवतीले कोनी नेत नाई."

मांडवातल्या बाया अंकुशकडे रोखून बघत होत्या. तो बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि लांब गेला.

चार दिवसांनी सकाळी निकेश आला. हातात तोच फोटो, फ्रेम करून. मोटरसायकल दिसली नाही.

"गाडी कुठी आहे?" पुनमनं विचारलं.

"शिवेवर ठेवली. पायी आलो."

त्यानं खिशातून पुडी काढली. भिजवलेले हरभरे. तळहात सपाट करून तो पाखरीपुढे उभा राहिला. पाखरीनं हुंगलं... आणि मग तिनं ओठांनी एकेक दाणा उचलून सगळे हरभरे खाल्ले.

"त्याचा अर्थ मालूम आहे का तुमाले?" पुनम पुटपुटली.

"मालूम आहे. आता शिवेपर्यंत तिच्यासंगं चालाचं."

"आन् तिथून पुढे बसाचं."

"मी नाई बसत. तुमचे बाबा नाई बसले, मी कसा बसू?"

"मंग वरात कशी येईल?" पुनम बोलून गेली, आणि काय बोललो ते कळताच तिनं पाखरीच्या मानेआड तोंड लपवलं.

"पायी येईल," निकेश म्हणाला. "तू हाव म्हन फक्त."

मानेच्या पलीकडून तोच ओळखीचा, रागावलेला आवाज आला.

"हाव. पन हॉर्न वाजवला ना, तं पाहाच!"