भिवराबाईच्या गाठी

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, मला वाद घालायचा नाही. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, सुट्ट्यावरून भांडून भांडून घसा गेलाय माझा.

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, मसणवाटा नाही. शनिवारची दुपार होती, लख्ख ऊन पडलेलं. साल १९५४, पोळा होऊन पंधरा दिवस झालेले. जागा म्हणाल तर ताडकळसच्या खालच्या अंगाला, गोदावरीचा काठ. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात, मीही गंगाच म्हणणार.

माझे वडील दिनकरराव. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. परभणीला पाण्याच्या पाहणीचं एक दफ्तर होतं, तिथं ते कारकून होते. निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गंगेचं पाणी अडवता येतं का, हे साहेब लोकांना बघायचं होतं. त्यासाठी नदी रोज किती चढते, किती उतरते, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवावं लागतं. नाना ते लिहायचे.

नदीत सागाचा खांब रोवलेला होता. वीस फुटांचा, फुटाफुटाला काळा-पांढरा पट्टा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, असं दिवसातून तीनदा पाणी कुठल्या पट्ट्याला आहे ते बघायचं. या कामावर नेमला होता येडबा, काठावरचा मेंढरं राखणारा धनगर. पण येडबा सदा मेंढरांमागं. खरं माप बघायची ती त्याची बायको, भिवराबाई.

लिहिता दोघांनाही येत नव्हतं.

मग भिवराबाईनंच तोड काढली. धनगरं कोकरं मोजायला दोऱ्याला गाठी मारतात, तशाच गाठी तिनं पाण्याला मारायला सुरुवात केली. फुटाला मोठी गाठ, अर्ध्या फुटाला बारकी. एक माप झालं की चार बोटं दोरा मोकळा. दिवस पालटला की पांढरी लोकर गुंफायची. दिवसभर तिच्या हातात चाती गरगरत असायची, लोकर कातायची. कातलेला दोरा तिथंच गाठी खायचा.

दर शनिवारी नाना सायकलवर जायचे, तो दोरा बोटांनी चाचपायचे आणि आठवड्याचं सगळं रजिस्टरात उतरवून घ्यायचे. ती त्यांना लांबूनच हाका मारायची, "आले का गाठीचे सायेब!" नाना घरी आले की तिची नक्कल करायचे आणि आई पोट धरून हसायची.

एकदाच काय ते नाना तिच्यावर चिडले.

मृगात तिची एक मेंढी अडली होती, आणि संध्याकाळचं एक माप हुकलं. नानांनी तिला नको तेवढं सुनावलं. रजिस्टरात एक जागा रिकामी राहिली तर सगळं साल वाया जातं, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "पूर आला तर मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. समजलं?"

भिवराबाई हसायची थांबली. "बरं, सायेब," म्हणाली.

एवढंच. रागाच्या भरात माणूस बोलून जातो. तुम्ही बोलत नाही? मी तर रोज पन्नास जणांना बोलायचो.

भाद्रपदात गंगेला पूर आला. तसा पूर म्हाताऱ्या माणसांनीही बघितला नव्हता. चार दिवस ताडकळसकडं कुणी जाऊ शकलं नाही. शनिवारी ऊन पडलं तसे नाना निघाले. काळ्या रानात चाकं रुतायला लागली, मग अर्धी वाट सायकल खांद्यावर. दुपारी काठावर पोचले. पाणी खूप उतरलं होतं. सगळा उतार गाळानं माखलेला, गुळगुळीत.

येडबाचं कुत्रं लांब टेकाडावर बसलं होतं. एरवी ते नानांना बघून भुंकून गाव गोळा करायचं. त्या दिवशी ते नदीकडं पाठ करून बसलेलं.

भुंकलं नाही.

खाली, खांबासमोरच्या खडकावर भिवराबाई बसली होती. नेहमीची जागा. हातात चाती गरगरत होती. नानांना बरं वाटलं. माणसं सुखरूप आहेत म्हणाले मनात. गाळात पाय काढत काढत ते खाली गेले.

तिनं हाक मारली नाही...

नानांना वाटलं, अजून रुसलेली असेल. पदर तोंडावर ओढलेला होता आणि सगळं लुगडं ओलंचिंब. एवढ्या उन्हात ओलं कसं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांना आकड्यांची घाई. एवढा पूर म्हणजे दफ्तरात सोन्यासारखा आकडा.

तिनं दोरा पुढं केला. तोही निथळत होता.

मग ती हळूच म्हणाली, "सगळं हाय, सायेब. एक बी जागा रिकामी न्हाई."

नाना म्हणाले, शाब्बास. तिच्या तोंडाकडं न बघता म्हणाले. ही गोष्ट त्यांनी मला नुसती सांगितली नाही, रडून सांगितली.

दोरा घेऊन ते वर निघाले आणि अर्ध्या उतारावर थबकले.

गाळात पावलं होती. खाली उतरलेली, आता वर चढत असलेली... सगळी नानांच्या पायाचीच. खडकापर्यंत दुसरं एकही पाऊल नव्हतं.

त्यांनी मागं वळून बघितलं. खडकावर कुणी नव्हतं.

टेकाडावर येडबा मेंढरांच्या वाड्यापाशी गुडघ्यात मान घालून बसला होता. शेजारी भिवराबाईची थोरली बहीण कासाबाई. नानांना बघून कासाबाईनंच सांगितलं. बुधवारी दुपारी पाणी चढायला लागलं, येडबानं मेंढरं वर हाकली, भिवराबाई म्हणाली दुपारचं माप बघते आणि आलेच. ती आलीच नाही. प्रेतसुद्धा घावलं नाही.

नानांच्या हातात दोरा होता.

तिथंच बसून त्यांनी तो चाचपला. सोमवार. मंगळवार. बुधवार सकाळ, अकरा. बुधवार दुपार, पंधरा. पंधरा म्हणजे खडक बुडाला, तिच्या पायाखालची जागा गेली. तिथं दोरा तुटायला हवा होता. तुटला नव्हता... पुढं गाठी होत्या. बुधवार संध्याकाळ, वीस. पांढरी लोकर. गुरुवार सकाळ, चोवीस.

अहो, खांबच वीस फुटांचा! चोवीस फूट वाचणार कोण, आणि कुठं उभं राहून?

पुढं पाणी उतरत गेलेलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सकाळ, शनिवार दुपार. तिन्ही वेळा बराबर. शेवटची गाठ ताजी होती.

येडबानं दोरा हातात घेतला, गालाला लावला. माही भिवरा, माही भिवरा, एवढंच त्याच्या तोंडात.

महिन्याभरानं मोठे साहेब दुर्बीण लावून पूर मोजायला आले. काठावरच्या बाभळीला गाळाची रेघ राहिली होती. त्यांनी मोजली. चोवीस फूट, ना बोटभर वर, ना बोटभर खाली. साहेबांनी नानांची पाठ थोपटली. खांब वीसचा असताना चोवीस कसं वाचलं, असं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, अंदाजानं. ते त्यांचं दफ्तरातलं पहिलं खोटं.

इथं संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

पूर ओसरल्यावर दुसऱ्याच शनिवारी नाना गेले तर त्या बाभळीला दोरा लटकत होता. ओला. आठवड्याच्या सगळ्या गाठी मारलेला. तिसऱ्या शनिवारीही. चौथ्याही. खडकावर कुणी दिसायचं नाही. फक्त वारा पडला की चाती फिरल्याचा आवाज यायचा... बारीक, गुंगत राहणारा.

येडबा बाभळीखालीच राहायला लागला. मेंढरांचं त्याला भान नव्हतं. दोरा दिसला की तो एकेक गाठ बोटानं मोजायचा आणि नानांना सांगायचा, मंगळवारी गाठ सैल हाय बघा, दमली आसंल. आज गाठी घट्ट हायत, बरी हाय. रजिस्टरात उतरवून झालं की नाना दोरा त्यालाच द्यायचे. तो उशाला घेऊन निजायचा. भावकी म्हणाली दिवस घाल तिचे, तर त्यानं ऐकलं नाही. ती कामावर हाय, मी दिवस कसे घालू, म्हणायचा.

कासाबाईला ते बघवेना. एका शनिवारी तिनं नानांना वाटेतच गाठलं. चार महिने झाले होते, थंडी पडलेली.

"सायेब, तुमीच तिला बसवलं. तुमच्याच शब्दानं उठंल ती," कासाबाई म्हणाली. "थंडीत पाण्यात बसलीय माही बहीण. आता बास झालं म्हणा की तिला."

नाना म्हणायचे, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हात जोडून उभी होती.

त्याच दुपारी नाना खडकापाशी गेले. येडबा वर बाभळीखाली डोळा लागून पडला होता. त्याला उठवावं, विचारावं, असं नानांच्या मनात आलं. उठवलं नाही. पाण्याकडं तोंड करून म्हणाले, "भिवराबाई, बस झालं. माप बंद."

चातीचा आवाज थांबला.

दुसरं काही झालं नाही. नदी वाहत होती तशी वाहत राहिली. नानांना वाटलं, सोडवलं आपण तिला. त्या रात्री कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले, असं आई सांगायची.

पुढच्या शनिवारी बाभळीला दोरा नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, कासाबाईकडून सगळं कळल्यावर, येडबा चालत परभणीला आला. आमच्या दारात. मी तेव्हा आईच्या पोटात होतो, हे सगळं आईनं बघितलेलं. पायात वहाण नाही, हातात मागच्या दोऱ्यांची गुंडी. नाना बाहेर आले तसं त्यानं त्यांचे पाय धरले.

"तुमी तिला कामून उठवलं, सायेब? मला आठवड्याला एक दोरा मिळायलाता, तेवढ्यावर मी जगायलो व्हतो," तो म्हणाला. "एकडाव म्हणा तिला, माप चालू झालं म्हून. तुमचंच ऐकती ती."

एका बाजूला पाण्यात बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला हा. नानांना तसं म्हणवलं नाही. येडबा दिवस मावळेपर्यंत उंबऱ्यापाशी बसून होता. आईनं भाकरी दिली, ती तशीच राहिली. मग उठला आणि गेला. त्या उन्हाळ्यात तो बाभळीखालीच मेला, उशाला दोरे घेऊन. ते खांबाचं ठिकाण पुढं दफ्तरानंच बंद केलं.

नाना नंतर तेहतीस वर्षं जगले. हसले असतील, मी बघितलं नाही. शनिवारी दुपारी ते घरात कुणाशी बोलत नसत. आम्ही पोरं म्हणायचो, नानांचा उपास आहे.

८७ साली ते अंथरुणाला खिळले तेव्हा हे सगळं मला सांगितलं. शेवटी म्हणाले, "येडबानं एकच मागितलं होतं, मी दिलं नाही. तू जा. माझ्या नावानं म्हण, माप चालू." मी म्हणालो, नाना, आता कुणासाठी? तो मेला, ती मेली. पण त्यांनी हात सोडला नाही माझा. डोळ्यांत पाणी. बापाचा हात असा कुणाला सोडवतो?

म्हणून मी गेलो. शनिवार होता. खांबाचा खुंट तेवढा उरलेला, बाभळ वाळलेली. मला काही भीतीबिती वाटली नाही, उलट रागच आला, नानांचा, सगळ्यांचा. एकदाचं म्हणून टाकलं मी. "भिवराबाई, दिनकररावांचा निरोप आहे. माप चालू."

वारा पडला.

आणि बारीक आवाज आला... काहीतरी गरगर फिरतंय असा. खडकाकडून.

मी पळालो. लाज वाटत नाही सांगायला. घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. नाना दुपारीच गेले होते.

त्याला आता अडतीस वर्षं झाली. इतक्या दिवसांत मी परत तिकडं फिरकलो नाही. ताडकळसची ड्यूटी लागली की मी बदलून घ्यायचो. पण शनिवारी दुपारी जेवायला बसलो की घास फिरतो तोंडात. गाठी मोजणारा येडबा नाही, उतरवून घेणारे नाना नाहीत. दोरा घ्यायलाच कुणी नाही, आणि तिला थांब कुणी म्हटलेलं नाही. बोलून आलो तो मी.

जायला पाहिजे. दोन शब्द म्हणायचेत फक्त. दर शनिवारी ठरवतो, पिशवी घेतो, आणि दारातूनच माघारी फिरतो.

कारण गेलो तर ती तो अडतीस वर्षांचा दोरा पुढं करील, आणि म्हणेल, सगळं हाय, सायेब.