म्हातारपणाचं बटण

सोनागिरीच्या नीळकंठकाकांच्या दुकानात तन्वीच्या लॅपटॉपमध्ये गेमची डिस्क अडकली होती. काकांनी भोकात टाचणी घातली, ट्रे बाहेर आला, आणि शेजारी माउस घ्यायला आलेल्या तरुणानं मान वाकवली.

"सिम्सचा तिसरा भाग! क्या बात है. सगळ्यात भारी."

"दुसऱ्यात माणसं आठवणी जपतात, म्हणतात," तन्वी हळूच म्हणाली.

"जपतात. चौथ्यात चेहरे देखणे, पण प्रत्येक दाराशी लोडिंगसाठी थांबा. तिसऱ्यात कसं, अख्खं गाव मोकळं! आपलं लक्ष नसताना शेजारी लग्नं करतात, गाव सोडून जातात..."

"माझ्या गावात नाही. मी म्हातारपणाचं बटण बंद ठेवते."

"मग तो पहिलाच भाग झाला की! तिथं पोर जन्मभर पोरच."

"म्हणूनच बरं वाटतं."

तो हसला. गौरांग त्याचं नाव; नाशिकचा, पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर. तिचं क्वार्टरही पिपलानीतच, त्यामुळे पुढे बसस्टॉपवर भेटी होत राहिल्या.

आषाढी एकादशीला तिनं डिस्क आणि पेनड्राइव्ह त्याच्या हाती ठेवला.

"चातुर्मासात आवडतं ते सोडायचं असतं. आई वांगं सोडते. मी हे. माझं घर त्यात आहे, तुळशीच्या लग्नापर्यंत सांभाळा. पण ते बटण—"

"बंदच ठेवायचं? यार, हा तर जुलूम आहे."

तरी त्यानं ठेवलं. दर शनिवारी तो बातमी द्यायचा: तिच्या नायकानं भात जाळला, बागेत टोमॅटो लागले.

"शेजारीण रोज येऊन बसते," एकदा तो म्हणाला. "नायक काही बोलत नाही. बोलू देऊ का?"

"चातुर्मासात अशा गोष्टी बोलत नाहीत," तन्वी म्हणाली, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नियमाच्या आड बसणं सोयीचं असतं, हे तिला कळत होतं.

कार्तिकात गौरांगच्या बदलीचा कागद आला. झाशी. सोमवारी हजर व्हायचं.

"बघा, तिसरा भाग," तो म्हणाला. "शेजारी निघाला."

तन्वीनं मान हलवली. घरी येऊन वाती वळल्या. त्या दिवशी एकही सरळ वळली नाही.

निघायच्या आधी, तुळशीच्या लग्नाला तो आला. उसाच्या मांडवाखाली दिवे होते, आई आत प्रसाद वाटत होती. त्यानं डिस्क आणि पेनड्राइव्ह पुढे केला.

"चार महिने. एक दिवसही कुणाला म्हातारं केलं नाही. जड गेलं."

ओट्यावर लॅपटॉप होता. तन्वीनं तिचं घर उघडलं. टोमॅटो होते, शेजारीण होती, सगळे जिथल्या तिथे. ती क्षणभर पाहत राहिली. मग तिनं सेटिंगमध्ये जाऊन बटण चालू केलं.

"अहो! आता म्हातारे होतील की सगळे!"

"होऊ देत," ती म्हणाली. आवाज इतका खाली की त्याला वाकावं लागलं. "पण... एकटं नको व्हायला कुणी."

गौरांगनं पडद्यावरून नजर उचलली.

"चातुर्मास संपला ना?" त्यानं विचारलं.

"आज संपला." तिनं तुळशीकडे पाहिलं. "झाशीच्या क्वार्टरला अंगण आहे का हो?"

"नव्हतं विचारलं," तो म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढला. "आत्ता विचारतो."