सुमतीबाईंच्या नवऱ्याचं वाक्य

भाषा-प्रयोगशाळेच्या काचेच्या टेबलावर सुमती ढोबळे यांनी श्रवणपट्टा आपटला. वय अडुसष्ट, बारामती डेपोतून निवृत्त झालेल्या एसटी कंडक्टर. आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"माझ्या मालकांचं वाक्य परत द्या!"

स्पेनमध्ये वाढलेल्या नातवाशी बोलता यावं म्हणून त्यांनी 'स्मृतिकलम' पद्धतीने स्पॅनिश शिकून घेतलं होतं. पट्टा लावून प्रेमगीतं ऐकायची, शब्द आपोआप पाठ. नातवाशी गप्पा झकास रंगल्या. मग त्याने विचारलं, आजोबांनी तुला मागणी कशी घातली? सुमतीबाईंना सगळं लख्ख आठवलं. डेपोचं वर्कशॉप, ग्रीसने माखलेले हात, आणि नवरा चक्क स्पॅनिशमध्ये म्हणत होता, "तू सोंब्रा मे बास्ता." तुझी सावली मला पुरे.

"मेकॅनिक होते ते! धड हिंदी यायची नाही त्यांना. आन् सावली पुरे, असलं कधी म्हणतील व्हय?"

डॉ. यामिनी केंदूरकर यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हे तंत्र दोघांचं होतं. "निरंजन, पुनर्लेखन झालंय."

"होणारच," डॉ. निरंजन शांतपणे म्हणाले. "प्रेमगीत ऐकताना माणसाला स्वतःचं प्रेम आठवतं. जागी झालेली आठवण काही मिनिटं ओल्या सिमेंटसारखी मऊ असते. तेवढ्यात आपण गाण्यातले शब्द तिच्यावर उमटवतो. म्हणून तर ते विसरले जात नाहीत."

"आन् आधीचे शब्द?"

"ते पुसले जातात."

इतकी भयंकर गोष्ट हा माणूस हवामानाचा अंदाज सांगावा तशी सांगत होता! तीन लाख लोकांना कोर्स विकताना मात्र दोघांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"दुरुस्ती सोपी आहे," यामिनी घाईने म्हणाल्या. "मूळ वाक्य सांगा, तेच पुन्हा उमटवू."

"तेच तर गेलं! तिथं आम्ही दोघंच होतो. ते जाऊन बारा वर्षं झाली. आता कुणाला विचारू?" सुमतीबाईंचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला.

"हे पाहा, हीच गाणी ऐकून आधी आम्ही स्वतः स्पॅनिश शिकलो," यामिनी दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "आमचं काहीही हरवलेलं नाही."

"हो का? मग ह्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा काय म्हणाले, सांगा."

यामिनी लाजून हसल्या. "कॉलेजच्या कँटीनमध्ये, चहा गार होत होता. म्हणाला, तू सोंब्रा मे बास्ता."

"अगदी हेच म्हणालो होतो," निरंजननी कौतुकाने मान डोलावली.

सुमतीबाईंनी टेबलावरचा श्रवणपट्टा दूर सारला.

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"अठरा."

"आन् स्पॅनिश कधी शिकलात?"